तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

कोंडाक्काने माझे दोन्ही हात धरून तळवे वर केले आणि उन्हाकडे धरून पाहिले. शाळूची ज्वारी मुळासकट हाताने उपटावी लागते. आठ दिवसांत माझ्या तळव्यांची सालटं निघाली होती आणि मधल्या बोटाखाली एक फोड फुटून पाणी येत होतं.

"कुणी शिकवलं गं तुला उपटाय?"

"कुणी न्हाई. तुमचं बघून."

"दुखतंय?"

"न्हाई."

ती हसली. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. मग माझे हात सोडून ती म्हणाली, "खोटं बोलाय बी शिकलीस. उद्यापासनं आमच्या सावडीत ये."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आज एकसष्टावं चालू आहे, पण त्या दिवशी निमसडीच्या त्या रानातून घरी येताना पायाखालची जमीन मला कशी हलकी लागली होती ते अजून सांगता येईल. सावड म्हणजे काय ते शहरातल्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही की काही नाही, माणसाला माणूस. पण सावडीत घ्यायचं ते आपल्या माणसाला. आणि आम्ही त्यांची माणसं नव्हतो. आम्ही धरणवाले.

आमचं गाव आंबेवळ. डोंगरातलं, पावसातलं, भाताचं आणि नाचणीचं. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि सरकारने आमची वीस घरं ट्रकमध्ये घालून इथे आणून टाकली, या उघड्याबोडक्या माळावर, जिथे बाभळीशिवाय झाड नव्हतं. आम्हाला जी जमीन दिली ती निमसडीच्याच लोकांकडून काढून घेतलेली. कोंडाक्काची तर दोन एकर आमच्या वाट्याला आली होती, अगदी तिच्या खळ्याला लागून. त्यामुळे तीन वर्षं झाली तरी गावाने आमच्याशी सोयरीक सोडाच, धड बोलणंही ठेवलं नव्हतं. देवीची पालखी वसाहतीच्या वेशीवरून मागे फिरायची. मयतीची जागासुद्धा आमची वेगळी, ओढ्यापलीकडे.

आमच्या घरात याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, मुळातच मुखदुर्बळ. आई कामाला वाघीण, पण उंबऱ्याच्या आत. धाकटा मारुती अजून गोट्या खेळायच्या वयाचा. आणि आजा आपल्याच तंद्रीत. वाटायचं ते मला एकटीला. मला त्या बायकांत बसायचं होतं. त्यांच्यासारखं डोक्याला फडकं बांधायचं होतं, त्यांच्यासारखं बोलायचं होतं. आमच्या बोलण्यात डोंगराचा हेल होता, तो मी सहा महिन्यांत मोडून काढला. घरी आई हाक मारायची तर मी निमसडीच्या बोलीत ओ द्यायची, आणि आई माझ्याकडे बघत राहायची.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती आज्याची. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्यावर पंचा, भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडी. पाऊस तर या मुलखात नावालाच, तरी मृगाच्या आधी पंधरा दिवस तो इरलं दुरुस्त करायला बसायचा. रस्त्याने जाणारी पोरं थांबून बघायची. मी घरात जाऊन बसायची.

सावडीत गेल्यावर फाल्गुन कसा गेला ते कळलं नाही. ज्वारी निघाली, कणसं मोडून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. त्या गावात कडबा म्हणजे जीव. पुढच्या सुगीपर्यंत जनावर जगायचं ते त्याच्यावरच. कोंडाक्काच्या खळ्यात घराएवढी गंजी रचली गेली आणि तिच्या शेवटच्या थराच्या पेंढ्या खालून वर फेकायला मी होते. वर उभी राहून कोंडाक्का झेलत होती आणि मला शिव्या घालत होती. त्या गावात शिव्या घालणं म्हणजे माया. मला अगदी भरून आलं होतं.

चैत्र सरता सरता ती मला म्हणाली, "उद्या कुरडया घालायच्यात. सकाळीच ये. चीक हाटायला माणूस लागतंय." म्हणजे रानातून मी आता घरात चालले होते. वसाहतीतलं कुणीही तोवर निमसडीच्या कुणाच्या चुलीपाशी गेलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरी आले तर आजा अंगणात कोयता पारजत बसला होता. आमच्या रानाच्या कडेला, कोंडाक्काच्या खळ्याच्या बाजूला, त्याने अर्ध्या गुंठ्याचा एक तुकडा साफ केला होता. महिनाभर तो कुठून कुठून बाभळीच्या काटक्या, लिंबाचा पाला, ज्वारीचं भुसकट आणि शेण आणून त्याच्यावर पसरत होता. राब भाजायचा होता त्याला. आमच्या डोंगरात नाचणीचं, भाताचं रोप टाकायचं तर आधी त्या जागेवर पालापाचोळा रचून जमीन भाजून काढतात. भाजलेल्या भुईत रोप जोमाने येतं. त्याला नाचणीचं रोप टाकायचं होतं. घरापुरती नाचणी, बस.

"उद्या सकाळच्याला लावतो," आजा म्हणाला. "तुझा बाप तालुक्याला जायाचाय. तू ये. वल्ला डहाळा घिऊन वाऱ्याच्या अंगाला हुबी ऱ्हा. माझा एकट्याचा आता आवाका न्हाई."

हेही सांगायला हवं. राब कधी एकट्याने भाजत नाहीत. एकाने पेटवायचा आणि दुसऱ्याने हिरवा डहाळा घेऊन समोर उभं राहायचं, ठिणगी उडाली की झोडपायची. आंबेवळला मी सात वर्षांची असल्यापासून ते काम करत आले होते. घरात माझ्याइतकं चलाख कुणी नव्हतं त्यात.

"मला उद्या कोंडाक्काकडं जायचंय," मी म्हटलं. "कुरडया हायत्या."

"मंग परवा लावू."

"परवा आमची सावड हाय."

"तेरवा?"

"आजा, इथं राब करत न्हाईत कुणी," मी चिडून म्हटलं. "लोकं हसत्यात. इथं नाचणी यायची हाय का?"

"भुई भाजली तर यील की."

"मग लावा तुमचं तुमी. जल्मभर लावलाय न्हवं?"

त्याने कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवून बघितला आणि पुन्हा घासायला लागला. मी आत गेले आणि उद्यासाठी लुगडं काढून ठेवलं.

सकाळी कोंडाक्काच्या अंगणात बाजेवर ओलं धोतर पसरलं होतं. चुलवणावर चीक रटरटत होता आणि मी दोन्ही हातांनी हाटत होते. कोंडाक्काची थोरली सून शेवंता सोऱ्या दाबत होती. आक्का सगळ्यांच्या चुका काढत होती. माझ्या चिकात गुठळी झाली नाही म्हणून तिने मला बोट चाटायला लावलं, मीठ बरोबर आहे का सांग म्हणून. मी सांगितलं, बरोबर आहे. तिने माझ्या शब्दावर पुढची कुरडई घालायला सांगितली.

नऊच्या सुमाराला मला रानाच्या बाजूला धुराची रेघ दिसली. मी बघितली आणि मान खाली घातली. राबाचा धूर कसा असतो मला माहीत होतं, निळसर आणि सरळ. शेवंता म्हणाली, "ते काय जळतंय गं?" मी म्हणाले, "काय की." मला आज्याचं नाव त्या अंगणात घ्यायचं नव्हतं.

डोंगरात सकाळचा वारा नसतो. चारी बाजूंनी कडे उभे, वारा यायचा तो दुपार कलल्यावर, आणि तोही रोजच्या एकाच वाटेने. आज्याचं सगळं आयुष्य त्या वाऱ्यात गेलं होतं. निमसडीच्या माळावर चैत्र-वैशाखात दहा वाजले की वावटळी उठतात, कुठून उठतील आणि कुठे जातील त्याचा नेम नाही. तीन उन्हाळे त्याने पाहिले होते वावटळींचे. पण हात सवयीनं चालतो, आणि डहाळा धरून समोर उभं राहायला कुणी नव्हतं.

वावटळ आली तेव्हा आम्ही अंगणातली धोतरं धरायला धावलो. ती पुढे सरकली आणि थोड्या वेळाने कुणीतरी ओरडलं, "आक्का, खळं."

आम्ही पोचलो तोवर गंजी वरून पेटली होती. पेटता पाला उडून शेंड्यावर पडला होता. गंजीच्या सावलीला पाखऱ्या बांधला होता, कोंडाक्काचा बैल. त्याचा जोडीदार दुसऱ्याच्या औताला गेला होता म्हणून वाचला. पाखऱ्याचं दावं कुणाला सोडता आलं नाही. त्याचा आवाज मी वर्णन करणार नाही. आजा त्या जाळात हात घालून दावं ओढत होता, आणि दोघा-तिघांनी त्याला कमरेला धरून मागे खेचला तेव्हा त्याची दाढी आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. विहिरीला तळाशी पाणी. पोत्यांनी, मातीने, हाताने, सगळं करून झालं. बाराच्या आत तिथे काळं वर्तुळ उरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसोबाच्या पारावर गाव बसलं. वसाहतीलाही बोलावणं आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. आमची माणसं मागे, रस्त्याच्या कडेला बसली, त्यांत आजा, हळद लावून हाताला फडकं गुंडाळलेला. बायका एका बाजूला. मी मात्र आमच्या बायकांत गेले नाही. शेवंताच्या शेजारी जागा होती तिथे बसले, आणि तिने मला उठवलं नाही.

ज्ञानू गुरव हातात नारळ घेऊन उभा राहिला. म्हातारा माणूस, आवाज बारीक. कोणी चर्चा केली नाही, कोणी भांडलं नाही. त्याने सरळ विचारलं, "आग कुणाच्या हातची?"

कोणी बोललं नाही. गुरव बराच वेळ थांबला.

"आग कुणाच्या हातची?"

पुन्हा तसंच. मी सगळ्यांकडे बघत होते. सगळ्यांच्या माना खाली. मला त्या शांततेचा एकच अर्थ लागत होता. हे सगळे आमच्यावर जळत आहेत, ही वसाहत आग लावून वर गप्प बसली आहे असं प्रत्येकाच्या मनात आहे. आत्ता कोणी बोललं नाही तर आम्ही सगळेच चोर ठरणार, आणि त्यांत मीही. कोंडाक्का समोर बसली होती, डोळे सुजलेले. तिचा बैल गेला होता. मला वाटलं, ही बाई मला घरात घेते आणि मी तिच्यासमोर तोंड शिवून बसू? खरं बोललं तर तिला कळेल मी कोणाच्या बाजूची आहे.

मी खोटं कशाला लिहू. मला तिच्या बाजूची व्हायचं होतं, एवढंच होतं.

"आग कुणाच्या हातची?" गुरवाने तिसऱ्यांदा विचारलं आणि नारळ धरलेला हात वर उचलला.

मी उभी राहिले. "आमच्या आज्याच्या," मी म्हटलं. "त्यांनी राब भाजला."

गुरवाचा हात तसाच वर राहिला. मग त्याने तो हळूहळू खाली आणला आणि नारळ पारावर ठेवून दिला. कोंडाक्काने डोळे मिटून घेतले. शेवंता माझ्यापासून वीतभर सरकली. मला काहीच कळेना. मी वाट बघत होते की आता कुणीतरी आज्याला शिवी देईल, कुणीतरी मला शाबास म्हणेल.

मागून आजा उठला. डोक्याचं मुंडासं काढून त्याने काखेत धरलं.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच लावली. एकट्यानं. पोरीला म्या काय बोललो न्हवतो. तिनं आपलं धूर बघून वळखलं."

हे तो का बोलला ते तेव्हा मला कळलं. मी डहाळा धरायला गेले नाही, हे त्याने पारावर येऊ दिलं नाही.

बैठक तिथेच मोडली. घरी दादा ओट्यावर बसून राहिले. आईने भाकरी थापल्या आणि कुणी खाल्ल्या नाहीत.

बैठकीमुळे पुढे गेलेली सावड तिसऱ्या दिवशी होती. मी डोक्याला फडकं बांधून खुरपं घेऊन गेले. बायका हरळी काढायला पातीला बसल्या होत्या. मी एक पात धरली तशी कोंडाक्का उठून माझ्याजवळ आली.

"घरला जा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

"आक्का, मी खोटं बोलले न्हाई."

"खोटं न्हाईच बोललीस. गावाला काय डोळं न्हवतं? म्हाताऱ्याचा हात आंधळ्याला बी दिसत हुता. गुरव तीन बार इचारतोय ते कुणी बोलावं म्हणून न्हाई. तीन बार कुणी बोललं न्हाई की नारळ फोडायचा, आग देवाची म्हणायची, आन् समद्या घरांनी माज्या खळ्यात पेंढ्या आणून टाकायच्या. वसाहतीनं बी टाकायच्या. म्हणून तर बलावलं तुमाला. आमच्या धाकट्या दिरानं बिडी टाकून आख्खी आळी जाळली हुती. वीस वर्सं झाली. आजपातुर कुणी त्येचं नाव घ्येतलं न्हाई."

मी खुरपं या हातातून त्या हातात घेतलं.

"आता नाव निघालं," ती म्हणाली. "नाव निघालं की गाव हात काढून घ्येतंय. ज्येनं लावली त्येनं भरायचं. तुजा आजा कुठनं भरणार? आन् माज्या ऱ्हायलेल्या बैलाला म्या काय घालू?"

"मला ठावं न्हवतं, आक्का. ही रीत मला कुणी सांगितली न्हवती."

"रीत ठावं नसंल." तिने माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. ते तिचंच होतं, मी उसनं नेलेलं. "आजा कुणाचा हाय ते तरी ठावं हुतं का न्हाई?"

ती पातीवर जाऊन बसली. शेवंताने वर बघितलं नाही. मी बांधावरून घरी आले.

घरी आजा निघायच्या तयारीत होता. घोंगडी, कोयता, एक दोरी. कडबा नाही तर अंग आहे, म्हणून तो कोंडाक्काच्या गोठ्यात राबायला चालला होता. कालव्याच्या कडेला गवताचा जो काही पट्टा होता तिथून कापून एका बैलाचं पोट भरायचं, पुढची सुगी येईपर्यंत. दादांनी अडवलं, मी जातो म्हणाले. आजा म्हणाला, "नाव माझं निघालंय. तू रान बघ."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज लवकर आलीस? सावड चुकवू नगं. मोठ्या कष्टानं घ्येतलंय त्येंनी तुला."

मी म्हटलं, "व्हय." एवढंच म्हटलं.

तो तिथे सव्वा महिना होता. मी लांबून बघायची. पहिले काही दिवस त्याला गोठ्याच्या दारात भाकरी मिळायची, मग ओसरीवर. कोंडाक्काचे लेक त्याच्याजवळ बसून तंबाखू मळायला लागले. डोंगरात गवताचे भारे कसे बांधतात ते तो त्यांना शिकवत होता म्हणे. गावातली पोरं त्याला आंबेवळकर आजोबा म्हणायला लागली. ज्या माणसाने कधी कुणाच्या दारात जायची इच्छा धरली नाही, त्याला निमसडी आपल्यात घेत होती, आणि मी वसाहतीच्या कडेला उभी राहून बघत होते. मला त्याचा हेवा वाटला. लाज वाटते सांगायला, पण वाटला.

हाताची जखम भरली नव्हती. तो त्याच हाताने कापत होता. मृगाच्या तोंडाला ताप भरला, दातखीळ बसली, पाठ धनुष्यासारखी ताणली गेली. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. कोंडाक्काच्या थोरल्या लेकाच्या मांडीवर त्याचा जीव गेला.

त्याला ओढ्यापलीकडे नेलं नाही. गावाने आपल्या जागेवर नेलं. खांद्याला आमची दोन माणसं होती आणि त्यांची दोन. ज्ञानू गुरव पुढे चालत होता. वसाहतीतलं पहिलं माणूस निमसडीच्या मातीत गेलं ते असं.

सुतकामुळे संध्याकाळी आमच्या घरात चूल पेटवायची नव्हती. कोंडाक्का कडू घास घेऊन आली. डोक्यावर टोपली, तीत पिठलं-भाकरी. तीन वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत आलेली ती निमसडीची पहिली बाई. ती आईसमोर मांडी घालून बसली, तिच्या गळ्यात पडली, दोघी रडल्या. मग तिने भाकरीचा तुकडा पिठल्याला लावला आणि आईच्या तोंडात घातला. "खा गं बाई," म्हणाली. "आमच्या बी घरातलं माणूस गेलं." दादांपुढे तिने थाळी सरकवली आणि ते खाईपर्यंत तिथून हलली नाही. मारुतीला मांडीवर घेऊन तिने भरवलं.

मी भिंतीला टेकून बसले होते. तिने पुन्हा एक तुकडा मोडला, पिठलं लावलं आणि माझ्याकडे वळली. मी तोंड उघडलं होतं, ते मला पक्कं आठवतं.

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग तो घास आईच्या हातात दिला.

"हिला तू घाल," ती म्हणाली, आणि टोपली उचलून बाहेर गेली.

आईने तो घास हातात धरला. बराच वेळ तो तिच्या हातातच राहिला.